अंधार, दोन बँड आणि तीन रोल

छोट्या गिगचे, म्हणजे बँडच्या छोट्या कार्यक्रमांचे, फोटो फिल्मवर काढायचे म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "रोल मिळतात अजून?" मिळतात. पुण्या-मुंबईच्या मोजक्या दुकानांत मिळतात, ऑनलाइनही मिळतात, फक्त पूर्वीच्या भावात मिळत नाहीत. मी शोधाशोध केली तेव्हा हाती आलेली माहिती बहुतेक परदेशातली होती: तिथले क्लब, तिथल्या लॅब, तिथल्या नळाचं गार पाणी. एप्रिलमध्ये कोथरूडच्या नळाला कसलं पाणी येतं हे त्या मंडळींना कुठून माहीत असणार! म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे. कुणाला तरी उपयोग होईल.

कॅमेरा निकॉनचा एफएम१०. एके काळी फोटोग्राफीच्या कोर्सला जाणाऱ्या बऱ्याच पोरांच्या गळ्यात हाच असायचा, त्यामुळे सेकंडहँड अजून सापडतो. शटर पूर्ण यांत्रिक आहे. दोन बटणसेल लागतात ते फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला. याच्याबरोबर येणारी ३५-७० झूम दिवसाउजेडी ठीक, रात्री निकामी. मी पन्नास एमएमची एफ/१.८ लेन्स (हा एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत) जुन्या बाजारातून ५,५०० रुपयांना घेतली. घेताना लेन्सवर ॲपर्चरची, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करायची, रिंग आहे ना, ते बघा. नावात 'डी' असलेली चालते. 'जी' असलेलीला रिंगच नसते, ती या कॅमेऱ्याला लावून काही फायदा नाही. दुकानदार "बसते की" म्हणून गळ्यात मारतो. बसते, हे खरंच आहे.

गिग होतं शनिवार, २६ एप्रिल २०२५ला, कल्याणीनगरच्या बाजूला एका कॅफेच्या अंगणात. शंभरेक माणसं मावतील एवढी जागा, दोन बँड. त्यातला दुसरा ओळखीतला. गाणारी मुलगी माझ्या धाकट्या बहिणीबरोबर कॉलेजात होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ मार्चला तिला मेसेज टाकला. रात्रीच उत्तर आलं: "ताई, ये ना, विचारतेस काय!"

पण बँडचा होकार म्हणजे जागेचा होकार नाही. तिकिटावर बारीक अक्षरात 'प्रोफेशनल कॅमेऱ्याला परवानगी नाही' असं छापलेलं असतं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या लेखी लेन्स निघणारा प्रत्येक कॅमेरा प्रोफेशनल. म्हणून २ एप्रिलला आयोजकांना ईमेल केला. त्यांनी नाव, फोन, ओळखपत्राची प्रत, कॅमेऱ्याचा सीरियल नंबर आणि फोटो कुठे वापरणार हे मागितलं. सगळं त्याच दिवशी पाठवलं. मग शांतता. आठवडाभराने आठवण करून दिली, मग फोन केला, मग ११ तारखेला उत्तर आलं. अटी अशा: फ्लॅश नाही, स्टेजवर चढायचं नाही, पहिली तीन गाणी झाली की समोरून बाजूला व्हायचं, बँडच्या लेखी संमतीशिवाय फोटो विकायचे नाहीत, आणि आयोजकांना वापरायला दोन फोटो द्यायचे. सगळ्या वाजवी. एवढं विचारून घेतलं की यात पैशाचा व्यवहार नाही ना. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. फुकट काढलेला फोटो फोटोग्राफरचाच. पुढे पोस्टर, अल्बमचं कव्हर वगैरे निघालं की हा प्रश्न येतोच, तेव्हा आधी बोललेलं बरं.

त्या ईमेलची प्रिंट काढून ठेवली. दहा रुपयांचं काम, पण त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही. तो पुढे सांगते.

आता फिल्म. अंधारासाठी खास फिल्म आहेत: इलफर्डची डेल्टा ३२००, कोडॅकची टी-मॅक्स पी३२०० (ही २०१२ला बंद झाली आणि २०१८ला परत आली). महाग आहेत, आणि हव्या त्या वेळी मिळतील याची खात्री नाही. मी इलफर्डचीच एचपी५ प्लस घेतली, ९५० रुपयांना एक, अशा चार. ती आहे ४००ची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे याचा हा आकडा), पण कॅमेऱ्यावर १६०० लावून काढायची आणि धुताना, म्हणजे रसायनात चित्र उमटवताना, जास्त वेळ धुवायची. याला पुश करणं म्हणतात. त्यात जादू काही नाही. जिथे उजेड पोचलाच नाही ती जागा कितीही धुवा, कोरीच राहते. जिथे थोडाफार पोचला ती वर येते. चित्र कडक होतं, दाणा वाढतो. लग्नाचे फोटो असे काढले तर काळ्या कोटातला नवरदेव नुसता ठिपका होईल. गिगमध्ये मात्र मागे काळा पडदा आणि पुढे दिवा पडलेला चेहरा, एवढंच असतं. मागचं कोरं राहिलं तर उलट बरंच. एक पथ्य पाळा: एकदा १६०० लावलं की तो अख्खा रोल १६००वरच. आणि डबीवर मार्करने '१६००' लिहा, लगेच.

रंगीत का नाही, असं बहिणीने विचारलं. छोट्या जागेतले एलईडी दिवे एका क्षणी गुलाबी, दुसऱ्या क्षणी हिरवे असतात. रंगीत फिल्मवर माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. कृष्णधवलला रंगाशी देणंघेणं नाही, पण अगदीच नाही असंही नाही: लाल उजेडात कातडी गुळगुळीत, गोरी येते आणि निळ्यात प्रत्येक पुटकुळी उठून दिसते. शिवाय लाल दिव्याखाली कॅमेऱ्याचा मीटर फसतो. तो दाखवेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यावा.

६ एप्रिलच्या रविवारी बँडच्या जॅमरूमला, सरावाच्या जागी, गेले. मेट्रोने निघाले आणि स्टेशनवर बॅग एक्स-रे मशिनमध्ये टाकायच्या आधी आठवलं की आत रोल आहेत. साध्या मशिनमधून एखाददुसऱ्या वेळी गेल्याने ४००च्या फिल्मचं सहसा बिघडत नाही, पण आपण ती पुश करणार, आणि मेट्रोने रोज जा-ये करणाऱ्याच्या बॅगेला तो झोत रोजच बसतो. पारदर्शक पिशवीत रोल काढून दाखवले, "हाताने बघता का, फोटोचे रोल आहेत" म्हटलं. तिथल्या बाईंनी एक डबी उघडून बघितली, हसल्या. "आमच्या लग्नात होते असले," म्हणाल्या, आणि सोडलं. विमानतळावर नवी सीटी मशिन असतील तर मात्र हट्टाने हातानेच तपासायला सांगा. ती फिल्म खरोखर खराब करतात.

जॅमरूम म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली दहा बाय बाराची खोली. भिंतींना फोम, वर एक ट्यूबलाइट, आणि एसी एवढा मोठा की ड्रम थांबले की तोच वाजतो. तिथे फोटो चांगले येणार नव्हतेच. मी गेले होते गाणी ऐकायला, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात हीच गोष्ट खरी कामाची आहे. डिजिटलवर तुम्ही एका गाण्यात दोनशे वेळा बटण दाबू शकता. त्यातला एक तरी लागतो. इथे ३६. गाणं माहीत असेल तर ते ३६ पुरतात. मी वहीत लिहून घेतलं: दुसऱ्या गाण्यात गिटारवाला उडी मारतो, तीही फक्त दुसऱ्या कोरसला. तिसऱ्यात बासवाली माइकपाशी येते, चार ओळी गाते आणि परत मागे जाते. शेवटून दुसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळे एकदम थांबतात, गाणारी मान वळवून ड्रमरकडे बघते, तो काठ्या वर धरून उभ्या उभ्या मोजतो, आणि मग सगळे एकत्र तुटून पडतात. त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या.

तिथे एक रोल काढला आणि दुसऱ्या दिवशी लॅबला दिला. धुणं आणि स्कॅन ४५०, पुश करायचे २०० वर. पाच दिवस म्हणाले होते, मिळाला १९ तारखेला. काळे-पांढरे रोल पुरेसे साठल्याशिवाय ते धुवायला घेत नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण तोवर गिग आठवड्यावर आलं होतं. त्या रोलने दोन गोष्टी सांगितल्या: १/६०ला, म्हणजे शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं असताना, चेहरा थांबतो पण गिटारवरचा हात थांबत नाही, आणि माइक समोरून घेतला की तोंडाच्या जागी माइकच दिसतो. गाणाऱ्याचा फोटो बाजूने, माइकच्या रेषेपासून जरा सरकून घ्यायचा.

गिगचे रोल घरीच धुवायचे, हे त्याच दिवशी ठरलं. पेठेतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. दुकानात आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन चालतं, पण माळ्यावर रोल धुवायची पॅटरसनची दोन रिळांची टाकी होती. त्यांनी ती पुसून हातात दिली. मग अर्धा तास ऊटीच्या सरकारी कारखान्यातल्या 'इंदू' फिल्मच्या गोष्टी सांगितल्या, मला एक खराब रोल दिला आणि डोळे मिटून रिळावर चढवायला लावला, जमेपर्यंत. भाडं घेतलं नाही. "परत आणताना कोरडी आण," एवढंच म्हणाले.

२६ तारखेला मी साउंडचेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीच्या, अर्धा तास आधी पोचले. दारावरच्या माणसाने अपेक्षेप्रमाणे अडवलं. त्याला ईमेलबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आयोजक फोन उचलत नव्हते. प्रिंट दाखवली. त्याने ती उलटसुलट बघितली, खालचं नाव वाचलं आणि मनगटाला पट्टा बांधून आत सोडलं. फोनवरचा ईमेल दाखवला असता तर कदाचित तेवढं वजन पडलं नसतं. कागद तो कागद.

साउंडचेकला दिवे लागले की स्टेजवर जाऊन मीटर घेता येतो. कार्यक्रम सुरू झाल्यावर हे शक्य नसतं. मागच्या काळ्या पडद्यामुळे मीटर 'अंधार आहे' समजून चेहरा जाळून टाकतो, म्हणून कॅमेरा हातभर अंतरावर नेऊन नुसत्या चेहऱ्यावर धरायचा. गाणारीच्या जागी १/१२५ला एफ/२ निघालं. गिटारवाला १/६०. ड्रमर सगळ्यात मागे, त्याच्या वाट्याला १/३०चाही उजेड नव्हता. हे आकडे तळहातावर पेनने लिहिले. नंतर मीटरकडे बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल.

मग लाइटवाल्या दादांशी बोलले. त्यांना चहा आणि वडापाव नेऊन दिला, हे मुद्दाम सांगते, कारण फोटोग्राफीच्या कुठल्याही पुस्तकात ते नसतं. म्हटलं, "दादा, दुसऱ्या बँडच्या दोन गाण्यांत पिवळा दिवा गाणारीवर तेवढा स्थिर ठेवाल का?" ते म्हणाले, "ताई, ठेवतो की. सांगतच नाही ना कुणी, मग मी फिरवत बसतो." ड्रमरवर टाकायला त्यांच्याकडे दिवाच शिल्लक नव्हता.

अंगावर काळे कपडे, पायात सपाट बूट, कानात फोमचे बोळे. बोळे घालाच, छोट्या जागेत स्पीकर तुमच्या कानापासून दोन हातांवर असतो. बॅग नाही. रोल आधीच डब्यांतून काढलेले: डाव्या खिशात कोरे, उजव्यात झालेले. झालेला रोल गुंडाळताना जीभ, म्हणजे फिल्मचं बाहेर राहणारं टोक, पूर्ण आत जाऊ द्यायची, म्हणजे अंधारात नुसत्या बोटांना कळतं की हा परत भरायचा नाही.

सातचा कार्यक्रम आठला दहा कमी असताना सुरू झाला. पहिल्या बँडला एक रोल असा हिशोब ठेवला होता. एफ/२ला दोन मीटरवरच्या माणसाचा जेमतेम वीतभर भाग स्पष्ट येतो. तो एक पाऊल पुढे आला की गेला. फिरणाऱ्याच्या मागे रिंग फिरवत बसण्यापेक्षा फोकस माइकच्या जाळीवर लावून ठेवायचा आणि माणूस तिथे येण्याची वाट बघायची. येतोच, गायचं असतं ना. अंधारात चेहऱ्यावर फोकस दिसत नाही, पण जाळी चमकते, गिटारच्या तारा चमकतात. तीन गाणी झाली, कबूल केल्याप्रमाणे समोरून बाजूला झाले. खरं सांगायचं तर बाजूचीच जागा चांगली निघाली: तिथून माइकही आडवा येत नव्हता आणि लोकांच्या शिव्याही खाव्या लागत नव्हत्या.

काउंटर तिशीच्या पुढे गेला की सूर जुळवायला बँड कधी थांबतो यावर लक्ष ठेवा आणि तेव्हाच रोल बदला. चार-पाच फ्रेम वाया गेल्या तरी चालेल. कोरसच्या मधोमध ३६ संपला तर जीव हळहळतो.

दुसरा बँड सव्वानऊला चढला आणि तिथे घड्याळ आडवं आलं. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतच ते आहे, आणि बाजूला राहती सोसायटी. आयोजकांनी चौथ्या गाण्यानंतर हाताने खूण केली. बँडने तिथल्या तिथे, माइकपासून तोंड वळवून, दोन गाणी गाळली. सेटलिस्टचा, म्हणजे गाण्यांच्या क्रमाचा, कागद गाणारीच्या पायाशी चिकटवलेला होता. ती बुटाच्या टोकाने खालच्या एका ओळीवर टेकली आणि बाकीच्यांनी मान हलवली. मला तो कागद वाचता येत नव्हता, पण ड्रमरने मोजायला सुरुवात केली आणि गाणं कळलं. दोन रेघांचं.

रोलवर नऊ-दहा फ्रेम होत्या. कडवी होऊ दिली, बटणाला हात लावला नाही. लाइटवाल्या दादांनी शब्द पाळला होता, पिवळा दिवा जागचा हलला नाही. शेवटच्या कडव्याआधी सगळे थांबले, तिने मान वळवली, ड्रमरच्या काठ्या वर गेल्या, आणि त्या पूर्ण शांततेत माझ्या एफएम१०चा आरसा असा खाडकन वाजला की पुढच्या रांगेतले तिघे-चौघे वळून बघायला लागले. ड्रमरला हसू फुटलं. मी तोवर पुढची फ्रेम ओढून दुसऱ्यांदा दाबलं होतं. तोच फोटो लागला: ती मान वळवून बघते आहे आणि मागे, अर्ध्या अंधारात, दात दाखवून हसणारा ड्रमर.

दहाला पाच कमी असताना साउंड बंद झाला. रोल खिशातच घेऊन घरी आले. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, भट्टी असते ती.

रविवारी धुवायला काढले. डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) मायक्रोफेन, लिटरभराचं पाकीट. पावडर कोमट पाण्यात विरघळवून आदल्याच दिवशी करून ठेवलं होतं. एचपी५ १६००ला काढली असेल तर २० अंशांना अकरा मिनिटं. नळाचं पाणी थर्मामीटरवर ३१ दाखवत होतं. बर्फ थेट द्रावणात टाकायचा नाही, पातळ होतं. बर्फ झिपच्या पिशवीत घालून पिशवी बाटलीभोवती बादलीत ठेवली, २० आलं की काढली. टाकीही अधूनमधून त्याच बादलीत. पहिले दहा सेकंद चार वेळा उलटीसुलटी, मग दर मिनिटाला तेच. मग पाणी, मग फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) पाच मिनिटं, मग भरपूर पाणी. पहिले दोन रोल टाकीत एकदम झाले. तिसऱ्या रोलला सव्वातेरा मिनिटं दिली, कारण तेच द्रावण परत वापरताना आधीच्या प्रत्येक रोलमागे दहा टक्के वेळ वाढवायचा असतो.

वाळत घालायला बाथरूम उत्तम. आधी गरम पाणी सोडून वाफ करा, धूळ खाली बसते. रोल चिमट्याने टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला. आणि घरच्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे बाबांनी, "हे फ्लायपेपर कोणी लावलंय?" असं विचारून झालं.

स्कॅन लॅबमधूनच केले, रोलला ३००. एकूण खर्च, लेन्स सोडून: रोल ३,८००, रसायनं १,९००, आधीचा लॅबचा ६५० आणि स्कॅनचे ९००. म्हणजे ७,२५०. मिळकत शून्य. रोलमागे सात-आठ फोटो दाखवण्यासारखे निघाले, त्यातले दोन-तीन खरे चांगले. ५ मेला बँडला आणि आयोजकांना पाठवले. सोबत लिहिलं की लावताना नाव द्या आणि रंगीत फिल्टर लावू नका. नाव दिलं. फिल्टर एकाने लावलाच.

टाकी कोरडी करून काकांना परत केली. त्यांनी निगेटिव्ह खिडकीशी धरून बघितली आणि ड्रमरवर बोट ठेवलं: "याला एक दिवा हवा होता." तोच निरोप मी पुढे पोचवला आहे. जुलैत याच बँडचं बंद हॉलमध्ये गिग आहे. आयोजकांना ईमेल गेला आहे, प्रिंट उत्तर आल्यावर काढीन. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकलंय. आणि ड्रमर म्हणतो, दिव्याचे पैसे तो स्वतः देणार.